थंड प्लग, गरम प्लग

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तराजूंचे जे कपाट आहे, त्याच्या खालच्या फळीवर ॲल्युमिनियमचा एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या माथ्यावर, मध्याच्या जवळ, शर्टाच्या बटणाएवढे एक भोक पडलेले आहे. भोकाच्या कडा कापलेल्या किंवा फुटलेल्या दिसत नाहीत. कढईच्या काठावर गुळाचा पाक ओघळून थिजावा, तशा त्या वितळून थिजलेल्या आहेत. उद्यमबागेतील ओतशाळांत ज्यांचे वडील किंवा काका काम करतात, अशा विद्यार्थ्यांना हा देखावा ओळखीचा वाटतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हे त्यांना पुस्तकाआधीच ठाऊक असते. पण मूस नाही, भट्टी नाही, आणि चालत्या मोटारीच्या पोटात हा पिस्टन वितळला कसा, असे ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर बोटाएवढ्या लांबीच्या एका प्लगात आणि त्याच्यावर छापलेल्या एका आकड्यात आहे. ते विस्ताराने सांगण्याचे आम्ही वर्गात पुष्कळदा कबूल केले होते. ते येथे पुरे करीत आहो.

हा पिस्टन शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दिला. त्याने हौसेने एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. विकत घेतली होती. ऑक्टाव्हिया मोटार २००१ सालापासून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे जोडली जाऊ लागली आणि तिचा हा वेगवान प्रकार २००४ साली भारतात विक्रीस आला. इंजिन १७८१ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा, आणि हवा दाबून आत लोटणारा टर्बो. शक्ती १५० अश्वशक्ती. त्या काळी इतकी शक्ती देणारी मोटार सामान्य कुटुंबाच्या दारात क्वचितच दिसे. आमच्या विद्यार्थ्याचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. त्याने इंजिनाच्या संगणकातील हिशेब बदलून घेतला, टर्बोचा दाब वाढवला, आणि शक्ती सुमारे १९० अश्वशक्तीपर्यंत नेली. शक्ती वाढली म्हणजे प्लगही त्याला साजेसा हवा, हे त्याने वाचले होते, आणि ते बरोबरच होते. "एक पायरी थंड प्लग घालावा, आणि आकडा मोठा तेवढा प्लग थंड," असेही त्याने वाचले होते. गाडीत बॉशचे ७ आकड्याचे प्लग होते. त्याने त्याच कारखान्याचे ८ आकड्याचे मागवून घेतले.

ते बसवून देणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनाही यात काही वावगे वाटले नाही. "सर, आमच्या उस्तादांनी हेच शिकवलं होतं, नंबर वाढला की प्लग थंड," असे ते पुढे आम्हाला म्हणाले.

तिसऱ्या रविवारी गोव्याहून परत येताना, साखळी आणि केरी मागे टाकून चोर्ला घाटाच्या चढाला गाडी लागली. चौघेजण आत, सामान मागे, आणि पाय दाबलेला. अर्ध्या चढावर गाडीचा जोर एकाएकी ओसरला, इंजिन तीन पायांवर चालल्यासारखे हिसके देऊ लागले आणि मागे निळा धूर दिसू लागला. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन गेला होता. तोच आज आमच्या कपाटात आहे. त्या सिलिंडरमधून जो प्लग निघाला, त्याचा बाहेरचा वाकडा पाय वितळून निम्मा झाला होता.

आता मुळाशी जाऊ.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टनने दाबले की योग्य क्षणी त्यात ठिणगी पाडणे, एवढेच प्लगाचे काम अशी आपली समजूत असते. एत्येन लन्वार या गृहस्थाने १८६० साली आपल्या गॅस-इंजिनात विजेच्या ठिणगीचा उपयोग केला. पुढे १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोट्लोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारे यंत्र आणि त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला. तेव्हापासून मोटारीच्या प्लगाचे मूळ रूप फारसे पालटलेले नाही. मध्ये धातूची काडी, तिच्याभोवती चिनी मातीसारखे पांढरे निरोधक अंग, त्याबाहेर आटे पाडलेले पोलादी कवच, आणि कवचाला जोडलेला एक वाकडा पाय. काडीचे टोक आणि पाय यांच्यामधील फटीत ठिणगी पडते. बॅटरीचे १२ व्होल्ट फॅरडेच्या प्रवर्तनाच्या नियमाने कॉइलमध्ये वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढतात, तेव्हा कुठे फटीतील वायू विजेला वाट देतो.

ही ठिणगी किती वेळा पडते, याचा हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे असे धरू. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी. म्हणजे मिनिटाला १५०० आणि सेकंदाला २५. एक किलोमीटर जाण्यास ३६ सेकंद लागतात; तेवढ्यात एका प्लगातून ९०० ठिणग्या पडतात. वीस हजार किलोमीटरांत एक कोटी ऐंशी लाख. ठिणगी दर वेळी धातूचा एक अतिसूक्ष्म कण उडवून नेते. प्लग झिजतात आणि बदलावे लागतात ते यामुळे.

पण ठिणगी पाडणे हे प्लगाचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे काम म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर टाकणे. सिलिंडरमध्ये ज्योतीचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. प्लगाचे टोक त्या आगीत उघडे असते. ते फार थंड राहिले, म्हणजे सुमारे ४५० अंशांच्या खाली राहिले, तर त्यावर काजळी साचते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन विजेचा वाहक; त्यामुळे वीज फटीतून उडी न मारता काजळीवरून सरपटत कवचाला जाऊन मिळते आणि ठिणगी पडतच नाही. सुमारे ४५० अंशांच्या वर ही काजळी आपोआप जळून जाते व प्लग स्वतःच स्वच्छ राहतो. याच्या उलट, टोक ८७० अंशांच्या पलीकडे जाऊ लागले की भीती दुसरीच. टोक निखाऱ्यासारखे लाल होते, आणि ठिणगीची वाट न पाहता तोच निखारा मिश्रण पेटवून देतो.

मिश्रण वेळेआधी पेटले तर काय होईल, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. पिस्टन अजून वर चढतच असतो. खाली जाताना ज्याने त्याला ढकलावयाचे, तो पेटलेला वायू त्याच्या वाटेत उभा राहतो, आणि पिस्टन त्यालाच आणखी दाबतो. दाबामुळे वायू अधिक तापतो, ती उष्णता पिस्टनच्या माथ्यात शिरते, पुढच्या खेपेस मिश्रण आणखी लवकर पेटते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबवण्यास चालकाला अवधी मिळत नाही. काही सेकंदांत काम तमाम होते. या अकाली प्रज्वलनाची गल्लत 'नॉकिंग'शी करू नये. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवरच पडते. मात्र ज्योत पोहोचण्याआधी कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम भडकते आणि हातोडी मारल्यासारखा खटखट आवाज येतो. हलक्या प्रतीच्या पेट्रोलाने ते होते. प्लग बदलून नॉकिंग बरे होत नाही. मात्र ते फार वेळ चालू राहिले तर टोक इतके तापवते की पहिला रोग दुसऱ्यातून उद्भवतो.

म्हणून प्लगाच्या टोकाचे तापमान ४५० आणि ८७० यांच्या दरम्यान राहिले पाहिजे. बाजारातून मंद गतीने जातानाही आणि घाटाच्या चढावरही. एकच प्लग सर्व इंजिनांना चालत नाही, याचे कारण हेच होय. अधिक शक्तीच्या इंजिनात अधिक उष्णता उत्पन्न होते. तेथे ती झटपट बाहेर टाकणारा प्लग हवा. यालाच थंड प्लग म्हणतात. साध्या, सावकाश चालणाऱ्या इंजिनाला उष्णता धरून ठेवणारा, म्हणजे गरम प्लग हवा. नावावरून पुष्कळांचा असा समज होतो की गरम प्लगाची ठिणगी अधिक प्रखर असते. तसे मुळीच नाही. ठिणगीचा आणि या नावाचा काही संबंध नाही.

कारखानदार प्लग थंड किंवा गरम करतात तो कसा? आमटीच्या पातेल्यात ठेवलेली पळी आठवावी. दांडा लांब असला तर उष्णतेला दूरची वाट चालावी लागते, आणि आमटीतले टोक आपली उष्णता सहज सोडत नाही. प्लगाच्या आतील पांढऱ्या अंगाचे नाक असेच आहे. नाक लांब असेल तर टोकाची उष्णता कवचापर्यंत पोहोचण्यास वाट लांब, प्लग गरम. नाक आखूड असेल तर वाट जवळची, प्लग थंड. दोन प्लग शेजारी धरून आटे असलेल्या बाजूने आत डोकावले तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कवचातून ती उष्णता आट्यांवाटे व वॉशरवाटे इंजिनाच्या हेडमध्ये, आणि तेथून थंड पाण्यात जाते. प्लग ढिला बसला तर ही वाट तुटते. म्हणजे योग्य प्लगही ढिलेपणाने गरम प्लग बनतो.

पांढऱ्या अंगाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जपानच्या नागोया शहरातील ज्या उद्योगसमूहाने जेवणाच्या टेबलावरील सुंदर चिनी मातीची भांडी बनवण्यात नाव मिळवले, त्याच समूहातून पुढे विजेच्या खांबांवरील निरोधक बनवणारा कारखाना निघाला, आणि त्यातून १९३६ साली एन. जी. के. हा प्लगांचा कारखाना स्वतंत्र झाला. नोरिताकेच्या बश्या आणि मोटारीचे प्लग एकाच घरची भावंडे आहेत. अर्थात आजच्या प्लगाचे अंग साध्या चिनी मातीचे नसून ॲल्युमिना या ऑक्साइडचे असते. ते उष्णता चांगली वाहते आणि विजेला मात्र अडवते. असे दोन्ही गुण एकत्र असणारे पदार्थ थोडे.

आता त्या घातक आकड्याकडे येऊ. प्लग किती थंड वा गरम आहे हे दाखवण्यासाठी प्रत्येक कारखानदार त्यावर एक आकडा छापतो. दुर्दैव असे की या आकड्यांची दिशा सर्वांची एक नाही. एन. जी. के. आणि डेन्सो या जपानी कारखान्यांच्या प्लगांवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आणि चॅम्पियनच्या प्लगांवर आकडा जितका मोठा तितका प्लग गरम! एन. जी. के.चा ६ हा सुमारे बॉशच्या ७ च्या बरोबरीचा, एन. जी. के.चा ७ बॉशच्या ६ च्या, आणि एन. जी. के.चा ५ बॉशच्या ८ च्या. आमच्या विद्यार्थ्याने जपानी पद्धतीचा नियम वाचला आणि तो जर्मन प्लगांना लावला. त्याला एक पायरी थंड प्लग हवा होता; मिळाला एक पायरी गरम. ज्या प्लगाची त्याला गरज होती आणि जो प्लग त्याच्या हाती आला, त्यांच्यामध्ये पूर्ण दोन पायऱ्यांचे अंतर पडले. एका पायरीने टोकाचे तापमान ७० ते १०० अंशांनी बदलते, असे प्लगकर्ते सांगतात. दोन पायऱ्यांनी किती, ते मुलांनीच करावे.

आणि मिस्त्रींचे काय? त्यांचे उस्ताद चुकले होते काय? नाही. बॉशच्या जुन्या प्लगांवर 'डब्ल्यू १४५', 'डब्ल्यू १७५', 'डब्ल्यू २२५' असे तीन अंकी आकडे असत, आणि त्यात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग हाच नियम होता. पुढे कारखान्याने आकडेच बदलले: १४५ चा झाला ८, १७५ चा झाला ७, २२५ चा झाला ५. म्हणजे मोजपट्टी उलटी झाली. बंगळूरच्या मायको कंपनीचे नाव ज्यांच्या तोंडी आहे त्या पिढीने जुनी पट्टी हाताळली आहे. ही कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. उस्तादांनी शिकवले ते त्यांच्या काळी अक्षरशः खरे होते. मिस्त्रींना आम्ही हे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

फुटलेले इंजिन खोलून नवा पिस्टन बसवण्यात दोन महिने गेले. या खेपेस प्लगाची निवड आमच्या विज्ञान मंडळाने करावी असा विद्यार्थ्याने आग्रह धरला. आम्ही मोटारीचे कारागीर नव्हे. पण प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, तेव्हा आम्ही तो घेतला.

पहिली पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित: गाडीच्या पुस्तिकेत कारखान्याने कोणता प्लग सांगितला आहे ते पाहणे. त्यावरून आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, पान्याचे माप १६ मिलिमीटर ही मापे नक्की झाली. यांत तडजोड नाही. आटे लांब पडले तर प्लग आत डोकावतो आणि पिस्टनला किंवा झडपेला लागू शकतो. आखूड पडले तर हेडमधील रिकाम्या आट्यांत काजळी भरते आणि पुढे योग्य प्लग आत जाण्यास नकार देतो. या इंजिनाला मूळचा प्लग प्लॅटिनमच्या टोकाचा, एन. जी. के.च्या पट्टीवर ६ आकड्याचा, आणि फट ०.८ मिलिमीटर.

दुसरा प्रश्न: चाळीस अश्वशक्ती वाढल्या, तर किती थंड जावे? प्लगकर्त्यांचा ठोकळ नियम असा आहे की ७५ ते १०० अश्वशक्ती वाढल्यास एक पायरी थंड जावे. या नियमाप्रमाणे ४० साठी अर्धीच पायरी होते, आणि अर्ध्या पायरीचा प्लग कोणी बनवीत नाही. येथे आमच्या मुलांनी एक चांगला मुद्दा काढला. प्लग सगळ्या इंजिनाची उष्णता सोसत नाही, आपल्या सिलिंडरचीच सोसतो. आठ सिलिंडरांच्या इंजिनात ८० अश्वशक्ती वाढल्या तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला १० येतात; आपल्या चार सिलिंडरांच्या इंजिनात ४० वाढल्या तरी प्रत्येकी १० च. तेव्हा हा हिशेब धरला तर एक पायरी योग्य ठरते. गाडी नुसती शहरात फिरणार असती तर आम्ही ६ वरच राहिलो असतो. कारण टिळकवाडी ते कॅम्प एवढ्या फेऱ्यांत थंड प्लगावर काजळी चढण्याचीच शक्यता अधिक, आणि ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरणाच्या पेटीत जाऊन तिला जाळते. पण हा गृहस्थ महिन्यातून दोनदा घाट चढणार. म्हणून ७.

येथे अनेकांच्या मनात असलेला एक भ्रम दूर करावा लागेल. थंड प्लग घातल्याने शक्ती वाढत नाही. शक्ती वाढल्यामुळे थंड प्लग लागतो. कारण आणि कार्य यांची अदलाबदल करू नये. मूळ स्थितीतील इंजिनात दोन पायऱ्या थंड प्लग घालून आपण शर्यतीची गाडी केली असे समजणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्या सकाळी सुरू होताना खोकतात.

तिसरा प्रश्न धातूचा. दुकानात गेले की पहिल्याने हाच पुढे येतो, कारण किंमत धातूवर ठरते. साधा प्लग निकेलच्या मिश्रधातूचा; त्याला बाजारात 'तांब्याचा प्लग' म्हणतात ते चुकीचे आहे. तांबे असते ते मधल्या काडीच्या गाभ्यात, उष्णता वाहण्यासाठी, आणि महागड्या प्लगांतही असते. तांबे १०८५ अंशांना वितळते. त्याचे टोक आगीत टिकलेच नसते. निकेल १४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १७६८, आणि इरिडियम २४४६ अंशांना. इरिडियम इतके कठीण व चिवट, की त्याचे टोक अवघ्या ०.६ मिलिमीटर जाडीचे केले तरी झिजत नाही. निकेलचे टोक सुमारे २.५ मिलिमीटर ठेवावे लागते. बारीक टोकावर विद्युत्क्षेत्र तीव्र होते, हे आपण वज्रनिवारकाच्या पाठात शिकलोच आहो. म्हणून इरिडियमला ठिणगी पाडण्यास कमी व्होल्ट पुरतात, आणि तो निकेलपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतो. हा त्याचा खरा गुण. पण इरिडियममुळे प्लग थंड होत नाही. चुकीच्या आकड्याचा इरिडियम प्लग हा महाग असलेला चुकीचा प्लग होय. तीन-चार पायांच्या प्लगांचेही असेच. ठिणगी एका वेळी एकाच पायाकडे उडी घेते. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहतात, त्यामुळे झीज वाटली जाते इतकेच.

आम्ही निकेलचा निवडला: बी के आर ७ ई. अक्षरांचा अर्थ एकदा कळला की ही लिपी वाचता येते. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'के' म्हणजे १६ चा पाना, 'आर' म्हणजे आत रोध बसवलेला, ७ हा उष्णतेचा आकडा, आणि 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. शेवटी 'आय एक्स' असते तर तोच प्लग इरिडियमचा झाला असता. रोध काढून टाकला की ठिणगी जोरकस होते असे सांगणारे भेटतात; त्यांचे ऐकू नये. त्या रोधामुळे रेडिओत खरखर येत नाही, आणि आजच्या गाडीत रेडिओपेक्षा नाजूक असा इंजिनाचा संगणक शेजारीच बसलेला असतो. निकेलचा प्लग लवकर झिजतो, पण तो स्वस्त. दर पंधरा हजार किलोमीटरला बदलला तरी परवडतो. आणि खरे सांगावयाचे तर, तो वारंवार काढावा लागतो हेच आम्हाला हवे होते. वरचेवर काढला तर तो वरचेवर पाहिलाही जातो. प्लग घेतले ते मात्र माहितीच्या दुकानातून, पक्के बिल घेऊन. बाजारात नकली प्लग पुष्कळ आहेत, आणि नकली प्लगावर ७ छापलेले असले तरी आतील नाकाची लांबी कोणी मोजलेली नसते.

चौथी गोष्ट फटीची. मुलांना ही सर्वांत आवडली. १८८९ साली फ्रीड्रिख पाशेन यांनी असा नियम मांडला की वायूत ठिणगी पाडण्यास लागणारे व्होल्ट हे वायूचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असतात. टर्बोचा दाब वाढवला म्हणजे ठिणगीच्या क्षणी वायूही अधिक दाटलेला असतो. फट तीच ठेवली तर कॉइलवर अधिक भार पडतो, आणि कॉइल कमी पडली की भर चढावर ठिणगी चुकते. यावर उपाय, फट थोडी लहान करणे. ०.८ ची ०.७ केली तर ०.८ ला ०.७ ने भागून १.१४ येतात, म्हणजे दाब सुमारे चौदा टक्क्यांनी वाढला तरी गुणाकार, आणि म्हणून लागणारे व्होल्ट, जवळपास पूर्वीइतकेच राहतात. फार लहान करूनही चालत नाही. ठिणगी इतकी चिमुकली होते की मंद गतीत मिश्रण धड पेट घेत नाही. फट तारेच्या गेजने मोजली आणि फक्त बाहेरचा पाय अलगद दाबला. मधल्या काडीवर जोर देऊन फट वाढवणे वा घटवणे सर्वस्वी वर्ज्य. इरिडियमचे बारीक टोक तर त्याने मोडतेच.

बसवताना इंजिन पूर्ण थंड होते. हेड ॲल्युमिनियमचे, गरम असताना पोलादी प्लग फिरवला तर आटे ओरबाडून निघतात. आधी खळग्यातील धूळ हवेने उडवली, मग प्लग केवळ बोटांनी फिरवत आत नेला, आणि शेवटी टॉर्कचा पाना ३० न्यूटन-मीटरवर लावून आवळला. असा पाना नसेल तर वॉशरच्या नव्या प्लगाला हाताने घट्ट झाल्यावर सुमारे अर्धा फेरा पुरे. मिस्त्रींना आट्यांना ग्रीस लावण्याची सवय होती. ते आम्ही लावू दिले नाही. ग्रीसने घर्षण घटते, आणि पाना तोच आकडा दाखवीत असताना आटे मात्र पुष्कळ अधिक ताणले जातात.

मग परीक्षा. पुन्हा चोर्ला, पुन्हा चौघे. माथ्यावर आल्याबरोबर इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. टर्बोचे इंजिन असे एकदम बंद करणे एरवी बरे नव्हे. पण मंद गतीने घरापर्यंत आल्यास प्लगाच्या टोकावरील पुरावा पुसला जातो, म्हणून हे एकदाच केले. इंजिन निवेपर्यंत दोन तास झाडाखाली बसून शिदोरी सोडली. त्यानंतर चारही प्लग क्रमाने काढून पांढऱ्या रुमालावर मांडले. कोरडी काळी काजळी असती तर प्लग फार थंड किंवा पेट्रोल फार. चकाकणारा ओला थर असता तर तेल चढत आहे. अंग खडूसारखे पांढरे व फोड आलेले असते तर उष्णता फार. आणि बारीक चंदेरी ठिपके दिसले असते तर ते पिस्टनचेच वितळलेले कण. आमच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लगाचे नाक फिकट तपकिरी, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखे निघाले. पायाची कड अखंड, धारदार होती. मिस्त्रींनी प्रत्येक प्लग उन्हात धरून भिंगातून पाहिला.

तिसऱ्या प्लगाचे नाक इतर तिघांपेक्षा किंचित पांढरे होते. फोड नव्हते, ठिपके नव्हते. पण फिकटपणा निश्चित होता. जो पिस्टन वितळला तोही तिसऱ्याच सिलिंडरचा. तेव्हा त्या सिलिंडरला पेट्रोल थोडे कमी मिळत असावे, आणि मागच्या अपघाताचा सारा दोष प्लगाच्या आकड्यावरच टाकून आम्ही घाई केली असावी, अशी शंका आता आम्हाला येते. त्या प्लगाला दोऱ्याने '३' अशी चिठ्ठी बांधून तो भोक पडलेल्या पिस्टनशेजारी कपाटात ठेवला आहे. त्याच्या जागी त्याच आकड्याचा नवा प्लग बसवला. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून तपासण्यास दिला आहे, आणि तो परत येईपर्यंत गाडीने घाट चढावयाचा नाही असे ठरले आहे.